क्योटो, दोघांच्या चालीने

‘तुम्ही स्वतः डॉक्टर असून यांना एवढ्या लांब नेणार?’ हा प्रश्न गेल्या वर्षी मला निदान दहा जणांनी विचारला. माझे यजमान ६४ वर्षांचे. पाच वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्स या आजाराचे निदान झाले. उजव्या हाताला कंप आहे, चाल मंदावली आहे आणि मधूनच पाय जमिनीला खिळल्यासारखे थबकतात. आयुष्यभर त्यांनी महाविद्यालयात संस्कृत शिकवले. आपले इंद्र, ब्रह्मदेव, गरुड बौद्ध धर्माच्या वाटेने चीनमार्गे जपानपर्यंत पोहोचले आणि तिथे आजही उभे आहेत, हे ते विद्यार्थ्यांना कित्येक वर्षे सांगत आले. प्रत्यक्ष मात्र ते कधी पाहिले नव्हते. मी नकार दिला असता, तर तो आजाराचा नव्हे, माझ्या भीतीचा नकार ठरला असता. म्हणून दहा महिने आधी आम्ही तयारीला लागलो. आपल्या घरात कोणाला कंपवात नसेल, गुडघेदुखी असेल, मधुमेह असेल, हृदयाला स्टेंट बसवलेला असेल. तरीही त्या तयारीतील बरेचसे आपल्याही उपयोगी पडेल असे वाटते.

पहिला निर्णय एकच शहर पाहण्याचा. आपल्याकडील सहलींच्या पत्रिका मी पाहिल्या. आठ दिवसांत चार शहरे, सकाळी सातला बस, दर दुसऱ्या दिवशी नवे हॉटेल. ज्याला शर्टाची बटणे लावायला वीस मिनिटे लागतात, त्याच्यासाठी हे वेळापत्रक म्हणजे शिक्षाच. आम्ही टोकियोचा मोह सोडला आणि क्योटोत एकाच खोलीत सात रात्री राहिलो. इ.स. ७९४ ते १८६८ अशी हजारांहून अधिक वर्षे जपानची राजधानी असलेले हे शहर मुळातच चौकटीच्या आखणीवर वसवलेले आहे. रस्ते सरळ आणि मधला भाग सपाट आहे. डोंगर तीन बाजूंना आहेत, आणि चढ-उतारही बहुतेक तिथेच. आपण कोणत्या दिवशी डोंगराच्या कडेला जायचे आणि कोणत्या दिवशी सपाटीवर राहायचे, हे नकाशा समोर ठेवून घरबसल्या ठरवता येते.

ऋतूबद्दल थोडेसेच. एप्रिलचा आरंभ चेरीच्या फुलांचा आणि नोव्हेंबरचा उत्तरार्ध लाल मेपलचा. छायाचित्रांत दोन्ही काळ स्वर्गीय दिसतात, पण गर्दीत कंपवाताच्या रुग्णाचे पाय हमखास थबकतात. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरांच्या कुशीतले हे शहर दमट उकाड्याने तापते. वृद्धांनी तेव्हा जाऊच नये. आम्ही ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेलो. पाने हिरवीच होती, हवा मात्र पांघरायला शाल पुरेल इतकीच गार होती.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगते. ती मला, इतकी वर्षे औषधे लिहून देणाऱ्या बाईला, ठाऊक नव्हती. यजमान लेव्होडोपाबरोबर सेलेजिलीन ही गोळी घेत होते. आपल्याकडे ती औषधाच्या दुकानात चिठ्ठीवर सहज मिळते. जपानमध्ये मात्र उत्तेजक द्रव्यांवर नियंत्रण ठेवणारा कडक कायदा आहे आणि सेलेजिलीन त्या कायद्याखाली ‘उत्तेजक द्रव्याचा कच्चा माल’ म्हणून गणली जाते. रुग्णाने ती स्वतःच्या उपचारासाठी सोबत न्यायची, तरी तेथील अमली पदार्थ नियंत्रण विभागाची परवानगी प्रवासापूर्वी हाती असावी लागते. हे मला कळले ते केवळ त्यांच्या औषधांच्या यादीतले प्रत्येक नाव जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांशी एकेक करून ताडून पाहिल्यामुळे. नाहीतर विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर आम्ही दोघे भाबड्या चेहऱ्याने डबी उघडून उभे राहिलो असतो.

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. परवानगीसाठी अर्ज करणे ही एक. मेंदूविकारतज्ज्ञांना विचारून औषधयोजना बदलणे ही दुसरी. तज्ज्ञांनी दुसरी निवडली. प्रवासाला चार महिने असताना त्यांनी गोळी बदलली आणि नव्या गोळीवर चाल, झोप, रक्तदाब कसा राहतो हे आम्ही घरीच पाहिले. कृपया हा बदल कोणी आपल्या मनाने करू नये. या गटातील एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये किती दिवस जाऊ द्यायचे, याचे नियम आहेत.

इतरांनीही सावध राहावे. चोंदलेल्या नाकासाठीच्या ज्या औषधांत स्यूडोएफेड्रीनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असते, ती याच कायद्यात सापडतात. सर्दीची गोळी आहे, पर्समध्ये पडलेलीच असते, म्हणून कोणी लक्षही देत नाही. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या गोळ्या यांचीही आधी खात्री करावी. चिठ्ठीवर मिळणारी साधी औषधे एक महिन्यापुरती नेता येतात; त्याहून अधिक न्यायची असल्यास आयातीचे प्रमाणपत्र आधी काढावे लागते. औषधे मूळ वेष्टणातच ठेवावीत. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत भरून नेण्याची आपली सोयीची सवय इथे उपयोगाची नाही. डॉक्टरांच्या पत्रात औषधांची मूळ नावे इंग्रजीत लिहून घ्यावीत, कारण आपली बाजारातील नावे तिथे कोणाला उमगत नाहीत. आपल्या चिठ्ठीवर तेथील दुकानदार औषध देणार नाही, म्हणून चार दिवसांचा जादा साठा महिन्याच्या मर्यादेत बसवून न्यावा. आणि प्रवासविमा घेताना असलेला आजार लपवू नये. हप्ता वाढतो म्हणून आजार न सांगणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. पुढे रुग्णालयाचे बिल त्यांनाच भरावे लागते.

तयारीतला दुसरा भाग रंगीत तालमीचा. ऑगस्टमध्ये आम्ही सांगलीहून पन्हाळ्याला दोन रात्री जाऊन राहिलो. तेवढ्यात बरेच उघडे पडले. रात्री लघवीला उठताना अनोळखी खोलीत दिशा कळत नाही, हे पहिल्याच रात्री ध्यानात आले. म्हणून भिंतीत खोचायचा छोटा रात्रदिवा सामानात गेला. बिछाना गुडघ्याच्या उंचीपेक्षा खाली असेल तर त्यांना एकट्याने उठता येत नाही, हेही तिथेच समजले. जपानी पद्धतीच्या सरायांत तातामीच्या चटयांवर, जमिनीवर गादी घालून झोपवतात. फार सुंदर असते ते. पण ज्यांना जमिनीवरून उठायला हात द्यावा लागतो, त्यांनी पलंग असलेलीच खोली घ्यावी. न्हाणीघराबद्दल तर हॉटेलला पत्र लिहूनच विचारावे. साध्या हॉटेलांतील न्हाणीघराला वीतभर उंचीचा उंबरा असतो आणि आत खोल टब. अंघोळ करायची तर त्या टबाच्या कडेवरून पाय टाकावा लागतो. आम्ही अपंगांसाठीची खोली मागितली. यजमानांना तो शब्द खटकला. ‘मी अजून तेवढा नाही गं,’ म्हणाले. मी म्हटले, ‘अहो, माझ्या कमरेसाठी मागितली आहे.’ ते खोटेही नव्हते.

प्रवासात एके ठिकाणी विमान बदलावे लागले. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवली होती. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. लेव्होडोपाच्या बाबतीत मी भिंतीवरचे घड्याळ पाहिलेच नाही. मागच्या गोळीला चार तास झाले की पुढची, एवढाच हिशेब विमानात ठेवला आणि उतरल्यावर दोन दिवसांत वेळा स्थानिक दिवसाला जुळवून घेतल्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र हे गणित निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. ओसाकाच्या खाडीतल्या कृत्रिम बेटावर विमानतळ आहे. तिथल्या कुरिअरच्या खिडकीवर मोठी बॅग हॉटेलकडे रवाना करता येते. हा खर्च मी कोणत्याही वृद्ध जोडप्याला डोळे मिटून करायला सांगेन. मोकळ्या हातांनी सव्वा तासात रेल्वेने क्योटो गाठता येते. औषधे आणि एका रात्रीचे कपडे मात्र खांद्यावरच्या पिशवीत हवेत.

पहिली परीक्षा क्योटो स्थानकातच झाली. समोर गुळगुळीत, चकचकीत, सपाट फरशी, दोन्ही बाजूंनी वाहणारी माणसे, आणि यजमान मध्येच खिळले. पाय उचलेचना. दुसऱ्या दिवशी एका देवळाच्या दगडी पायऱ्या मात्र ते माझा हात न धरता, नुसत्या कठड्याच्या आधाराने चढले. पाहणाऱ्याला हे ढोंग वाटावे! पण कंपवाताचा हा ओळखीचा विरोधाभास आहे. आपोआप चालण्याची मेंदूतली यंत्रणा मंदावलेली असते. मात्र डोळ्यांसमोर पायरी, आडवी रेघ, फरशीची कडा असे ठळक लक्ष्य आले, की मेंदू दुसऱ्या वाटेने पाय उचलवतो. क्योटोच्या बागांतील पाऊलदगड, जुन्या गल्ल्यांतील फरसबंदी, तातामीच्या काळ्या किनारी, ही सगळी लक्ष्येच. घरात मी त्यांच्यासाठी स्वयंपाकघराच्या दारात रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आहेत. इथे सगळे शहरच पट्ट्या लावून ठेवल्यासारखे होते. आपल्याही घरात असा रुग्ण असेल, तर ‘पायऱ्या नकोच’ असे सरसकट ठरवू नका. कठडा आहे का, बाजूला कोणी आहे का, हे पाहा. आणि थबकल्यावर ओढू नका. थांबा, वजन एका पायावर घेऊ द्या, ‘ती रेघ ओलांडा’ म्हणा.

शहरात फिरण्यासाठी बसपेक्षा टॅक्सी बरी. बसमध्ये मागून चढायचे, पुढून उतरताना पैसे द्यायचे आणि गर्दीतून तेवढे अंतर कापायचे, हे आम्हाला झेपले नाही. टॅक्सीचे दार चालकच कळ दाबून उघडतो. आपण ओढायचे नाही. एक वयस्क चालक यजमान पूर्ण बसेपर्यंत आरशात पाहत राहिला. माणूस बसण्यापूर्वी गाडी हलली नाही, एवढ्यावरच मी त्या शहराला बरेच गुण दिले.

दिवसाला एकच स्थळ, तेही सकाळच्या गोळीचा गुण आलेला असताना. कियोमिझुचा प्रसिद्ध लाकडी सज्जा उंच चढणीच्या टोकाला आहे; टॅक्सीने अर्धी वाट वाचते, उरलेल्या वाटेने दमवले. फुशिमी इनारीची तांबडी तोरणे डोंगरभर पसरली आहेत. पायथ्याची शंभरेक पाहून आम्ही परतलो, काही बिघडले नाही. निजो किल्ल्याच्या आवारात खडी आहे, चाकाची खुर्ची रुतते.

पण सान्जूसान्गेन्दोसाठी मात्र अख्खी सकाळ राखावी. सुमारे १२० मीटर लांबीचे हे लाकडी सभागृह १२६६ मध्ये पुन्हा उभारले गेले. आत सपाट फळ्यांची जमीन आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतारही आहे. सहस्रभुज अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती दहा रांगांत उभ्या आहेत आणि त्यांच्या पुढे २८ रक्षक देवता. यजमान काठी टेकत एकेका मूर्तीपुढे थांबत होते. बासरी वाजवणारा पक्षिमुखी म्हणजे आपला गरुड, त्याचे नाव तिथे कारुरा. नाराएन म्हणजे नारायण, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, बोन्तेन म्हणजे ब्रह्मदेव. पुढे वसु ऋषींची मूर्ती आली. बरगड्या मोजता येतील असा कृश, वृद्ध तपस्वी, हाती काठी. यजमान तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. उजव्या हाताचा कंप थांबला नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘हा बघ, माझ्याच वर्गातला.’ आत छायाचित्रे काढू देत नाहीत, ते बरेच झाले.

चपला सर्वत्र काढाव्या लागतात, म्हणून लांब दांड्याचे शू-हॉर्न आणि बंद नसलेले बूट न्यावेत. मधुमेहींनी थंड लाकडावर अनवाणी चालू नये; जाड मोजे घालावेत आणि रात्री तळपाय दिव्याखाली पाहावेत.

एक दिवस बिघडलाही. हेइआन मंदिराच्या बागेत तळ्यातून पलीकडे जाणारे गोल दगड आहेत. जुन्या पुलांच्या दगडी खांबांचे ते तुकडे. यजमानांना त्यांवरून जायचे होते. पायऱ्या जमतात, तर हे का नाही? पण इथे कठडा नव्हता आणि दोन्ही बाजूंना पाणी होते. मी नाही म्हटले, आणि ज्या स्वरात म्हटले तो दवाखान्यातला होता. दुपारपर्यंत ते बोलले नाहीत. निर्णय बरोबर होता, स्वर चुकला होता. रात्री मी तसे त्यांना सांगितले. काळजी घेणाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. परदेशात चोवीस तास दोघेच असता, तेव्हा तो अधिक बोचतो.

आहाराविषयी शाकाहारींची अडचण खरी आहे. भाजीचे वाटणारे सूप बहुधा बोनिटो माशाच्या अर्कात शिजवलेले असते. बौद्ध मठांच्या परंपरेतले ‘शोजिन र्योरी’ हे जेवण मात्र मांस-माशांवाचून असते. नान्झेन्जी मंदिराच्या परिसरात वाफाळते टोफूही मिळते. फक्त लेव्होडोपा घेणाऱ्यांनी ते गोळीबरोबर खाऊ नये. प्रथिनांमुळे गोळीचे शोषण घटते, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी गोळी. वॉरफरीन घेणाऱ्यांनी नात्तो हे आंबवलेले सोयाबीन कटाक्षाने टाळावे. त्यातील ‘के’ जीवनसत्त्वामुळे औषधाचा गुण जातो. मिसो, सोया सॉस, लोणची यांत मीठ भरपूर असते. आणि मोची, म्हणजे कुटलेल्या तांदळाचा चिवट गोळा. घशात अडकून वृद्ध दगावल्याच्या बातम्या जपानमध्ये दर नववर्षी येतात. गिळण्याचा त्रास असणाऱ्याला तो देऊ नये, कितीही गोड दिसला तरी. आम्ही मेतकूट नेले होते. जपानी चिकट भातावर ते इतके जमते की यजमानांनी दोन रात्री दुसरे काही मागितलेच नाही.

गरम पाण्याच्या कुंडांचे आकर्षण सर्वांना असते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने ४१-४२ अंशांच्या पाण्यातून चटकन उठल्यास दाब कोसळून पडण्याची भीती असते. कंपवातात ती अधिक. आम्ही नुसते पाय बुडवले. चहाविधीसाठीही गुडघे मोडून बसण्याची सक्ती नाही. खुर्चीवर बसून करायची ‘र्यूरेइ’ पद्धत याच शहरात १८७२ मध्ये परदेशी पाहुण्यांसाठी बसवली गेली. ती शोधून आधी जागा राखावी.

निघण्यापूर्वी आम्ही जपानीत एक कार्ड लिहून घेतले होते: ‘मला पार्किन्सन्स आहे. कृपया थोडा वेळ द्या.’ मागे हॉटेलचा पत्ता आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक ११९. सहाव्या दिवशी यजमानांनी ते खिशात घातले, मनगटी घड्याळात गोळीचा गजर लावला आणि म्हणाले, ‘अगं, तू जा जरा फिरून. मी नदीवर बसतो.’ कामो नदीच्या काठाने सपाट वाट आहे, बाके आहेत, हॉटेल तिथून दिसत होते. पाच वर्षांत मी त्यांना परक्या जागी एकटे सोडले नव्हते. मी तत्त्वज्ञ-पथावर गेले. कालव्याच्या काठाने जाणारी ही दोनेक किलोमीटरची वाट. तत्त्वज्ञ निशिदा कितारो तिथे चालत विचार करीत, म्हणून हे नाव. पहिली दहा मिनिटे मी दर वळणावर फोन पाहिला. नंतर तो पिशवीत गेला. माझी स्वतःची चाल किती वेगवान आहे, हे मी विसरूनच गेले होते.

दीड तासाने परतले, तर ते बाकावरच होते. शेजारी एक जपानी आजोबा. दोघांना एकमेकांचे अक्षरही कळत नव्हते. आजोबांच्या हातात ते कार्ड होते आणि ते यजमानांना पाण्यातला बगळा दाखवत होते. गोळी? घेतली होती, चार मिनिटे उशिरा.